केसात मेण सांडलं तर...

2006 सालच्या जानेवारीतली गोष्ट. माझं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि धाकट्या नणंदेचं दहावीचं वर्ष होतं. त्या काळी भारनियमनानं आपली काय दैना केली होती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी लाइट जायची, ती जेवणं उरकल्यावर कधीतरी यायची. जुन्नरची थंडी, अंगावर गोधडी आणि समोर मेणबत्ती, अशी ती पोर भूमिती सोडवत बसायची. एका रात्री तिला डुलकी लागली, मान खाली आली आणि मेणबत्ती आडवी झाली. नशीब, ज्योत विझली. पण वितळलेलं मेण कानामागच्या केसांवर सांडलं आणि थंडीमुळे बघता बघता दगडासारखं घट्ट झालं.

कमरेपर्यंत केस होते तिचे. ती रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "कापून टाका तेवढे." शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, "रॉकेल लावा, लगेच सुटतं." मलाही ते पटलं. मी एका हातात दुसरी पेटती मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली घेऊन निघाले. आणि कोपऱ्यातून आजेसासूबाई ओरडल्या, "अगं, अक्कल गहाण टाकली का? हातात दिवा नि डोक्याला रॉकेल?"

आजही तो क्षण आठवला की माझ्या पोटात गोळा येतो. मी बी.ए. झालेली, आणि आजेसासूबाई शाळेची पायरीही न चढलेल्या!

त्यांनी फक्त खोबरेल तेल मागितलं. आपलं कपाळ दाखवून म्हणाल्या, "साठ वर्षं मेण लावतेय इथं. मेणाला पाणी लागत नाही, मेणाला तेल लागतं." मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींनी आज्यांची ती फणीकरंड्याची पेटी पाहिली असेल. एका डबीत मेण, दुसरीत पिंजर. आधी बोटानं कपाळावर मेणाचा गोल घ्यायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं. म्हणून तर भर उन्हात शेतात राबूनही ते ओघळायचं नाही. ते मेण मधमाशांचं, मोहोळातलं. शिवनेरीच्या कड्यांवर लटकलेली आग्या मोहोळं आपल्याला काही नवी नाहीत. कपाळावरचं मेण कधी पुढच्या केसांत गेलं, तर या बायका तेलाचं बोट फिरवून ते काढायच्या. टिकली आली आणि डबीबरोबर ही माहितीही माळ्यावर गेली.

पण आजेसासूबाई जे बोलल्या त्याला चांगलं शास्त्र आहे. मेणबत्तीचं मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे गरम पाण्यानं ते वितळवायचं म्हटलं, तर मेण निघण्याआधी डोक्याची कातडीच भाजेल. तेल मात्र कोमट असलं तरी पुरतं. मेण आणि तेल एका जातीचे, त्यामुळे तेल मेणात शिरतं, त्याला मऊ करतं आणि केस निसटायला लागतात.

त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगते. थंडीत खोबरेल गोठलेलं होतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ केलं. आधी मेणाचा गोळा नुसत्या बोटांनी हळूहळू चुरला, जेवढं सुटलं तेवढं कोरडंच काढलं. (आता घरात फ्रीज असतो. फडक्यात बर्फ गुंडाळून फक्त गोळ्यावर धरला, तर मेण ठिसूळ होऊन आणखी छान चुरतं.) मग तेल चोळून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवलं. केस मुळाशी मुठीत घट्ट धरले, म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही, आणि टोकाकडून वर वर, आधी जाड दातांचा कंगवा, मग फणी. दर वेळी कंगव्यावर आलेलं मेण फडक्याला पुसायचं, नाहीतर तेच परत केसात जातं. दीड तास लागला. चार-पाच केस तुटले, बस्स.

तेलकट केस धुताना एक युक्ती करा. पाणी ओतण्याआधीच कोरड्या केसांवर शाम्पू चोळा आणि मग कोमट पाणी घ्या. आधी पाणी ओतलं की तेलावर शाम्पू नुसता घसरतो. आणि केस धुऊन होईपर्यंत गॅसपाशी जाऊ नका.

ताजं, गरम मेण डोक्यावरच सांडलं असेल तर मात्र केसांचा विचार नंतर. आधी नळाखाली वीस मिनिटं साधं थंड पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. कातडीला चिकटलेलं मेण ओढून काढू नका, फोड आला असेल तर दवाखाना गाठा. पापण्यांना मेण चिकटलं असेल तरीही घरचे प्रयोग नकोत.

रॉकेल आता घरात फारसं नसतं, पण गाडीतलं पेट्रोल आणि रंगाचं थिनर असतं. तेही तितकंच वाईट. कातडी जळते, आणि जवळ ठिणगी असली तर संपलंच.

हल्ली मुली घरीच वॅक्सिंग करतात, त्यात वेणीचं टोक हमखास अडकतं. घरी लिंबू-साखर आटवून केलेलं वॅक्स असेल तर तेलाची गरजच नाही. ती साखर आहे, कोमट पाण्यात विरघळून जाते. विकतच्या डब्यातल्या वॅक्समध्ये मात्र बहुधा राळ असते, तिथं तेलच हवं. मुलगे केस उभे करायला जे वॅक्स फासतात, तेही आंघोळीआधी थोडं तेल चोळलं की शाम्पूनं सुटतं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी डोंगराकडच्या एका वाडीतल्या बचत गटानं मेणबत्त्या करायला घेतल्या. मेण ओतताना एकीच्या अंबाड्यावर ते उडालं. नवीन काम, त्यात नुकसान केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती गप्प बसली. पदर घेऊन वावरली. विंचरायला गेलं की ओढायचं, म्हणून तेवढी जागा विंचरायची सोडून दिली. दीड महिन्यात त्या मेणाभोवती धूळ, तेल आणि गळलेले केस गुंतून लिंबाएवढा गोळा झाला. सासूनं तो पाहिला आणि हात जोडले. जट आली! आता कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही, देवीचा कोप होईल.

जट आलेल्या मुलीला एकेकाळी यल्लम्माला सोडायचे, हे आपल्याच महाराष्ट्रात घडलेलं आहे. 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. जाधवताई मूळच्या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. मला हे फार आवडतं. जट म्हणजे न विंचरलेले, गुंतलेले केस, हे केसांत हात घालणाऱ्या बाईला जास्त चांगलं कळणार.

मी गेले तेव्हा सासूशी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, "मावशी, वास घेऊन बघा." त्यांनी वाकून हुंगलं. मेणबत्तीचाच वास! मग त्याच म्हणाल्या, "काढ बाई, पण कात्री नको." दोन दुपारी तेल घेऊन बसलो. कंगव्याच्या मागच्या टोकानं एकेक बट सोडवली. मधला सुपारीएवढा गाभा काही केल्या सुटेना. दुसऱ्या दिवशी मावशींनीच आतून कात्री आणून दिली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. खाली डोकं लाल झालं होतं, ते आठवड्याभरात बरं झालं.

ती बाई आता गटाची सचिव आहे. मेण वितळवायला पातेलं सरळ चुलीवर ठेवू देत नाही. मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. आणि कुणी डोक्याला घट्ट फडकं बांधलं नसेल, तर तिला भांड्याजवळ फिरकू देत नाही.