शाप, वरदान आणि वाटाण्याचं रोप

‘चित्रपट : शाप की वरदान?’, ‘कॅमेऱ्याचे आत्मवृत्त’ आणि ‘व्यसनाधीनता : एक सामाजिक समस्या’. मराठी शाळेतून गेलेल्या बहुतेकांनी यातला एखादा तरी निबंध लिहिलेला असतो. पहिल्यात आधी फायदे, मग तोटे. दुसऱ्यात ‘होय, मीच तो कॅमेरा’ अशी सुरुवात आणि अडगळीच्या खोलीत शेवट. तिसऱ्यात बिघडलेली तरुण पिढी आणि ‘सरकारने कडक कायदे करावेत’ ही मागणी. कायदे आधीच किती कडक आहेत हे पाहायला कुणी जात नाही. विषयांत खोट नाही, पण ते इतके ऐसपैस आहेत की मुलाला पाय टेकायला जागा मिळत नाही आणि तो गाइड उघडतो. हेच विषय एखाद्या माणसाने केलेल्या एखाद्या कामापर्यंत आणून बघावेत.

सिनेमाचा निबंध वाटाण्यापासून सुरू करता येतो. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तिथून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र घेऊन परतले. भांडवल घालणाऱ्याला खात्री पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि रोप वाढेल तशी एकेक फ्रेम टिपत राहिले. पडद्यावर बी फुटून वेल झरझर वर चढताना दिसला. सेकंदाला सोळा फ्रेम धरल्या तर मिनिटभराच्या चित्राला ९६० फ्रेम लागतात; हा गुणाकार सातवीतल्या मुलालाही जमतो आणि त्यातून त्या खटाटोपाची कल्पना येते. कच्च्या फिल्मला भोकं नसत. ती अंधारात पाडायचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, शिवाय चित्रीकरणाच्या ताफ्याचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. ‘सिनेमाने स्त्रियांना काय दिलं?’ या प्रश्नाचं उत्तर सरस्वतीबाई आणि साळुंके यांच्यापासून सुरू केलं, तर निबंधाला निराळंच वळण लागेल. शाप-वरदानाच्या तराजूत या दोघांना कुठल्या पारड्यात टाकणार?

कॅमेऱ्याला आत्मवृत्त सांगायचंच असेल तर त्याने कोल्हापुरातलं सांगावं. फाळक्यांच्याही आधी मुंबईत सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती. पण तो कॅमेरा विकत घेतलेला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी जुन्या यंत्रांची रचना समजून घेत स्वतःच कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. महायुद्धाच्या दिवसांत परदेशी यंत्रं मिळणं मुश्किल झालेलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तेव्हा काम अर्धवट होतं. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते पुरं केलं. हेच दामले पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. लेथवर दातेरी चाकं घडवायची, फिल्म प्रत्येक फ्रेमला क्षणभर थांबून पुढे सरकेल अशी खटकी बसवायची, आतमध्ये उजेडाचा कणही शिरू द्यायचा नाही. हे सगळं ज्या गावात झालं तिथल्या शाळेतही मुलं कॅमेऱ्याला ‘माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला’ असं बोलायला लावत असतील, तर ते फारच झालं.

याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले, आणि तो प्रसंग कापावा लागला. १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा त्याच सुमारास अमलात आला आणि मुंबईत सेन्सॉर मंडळ बसलं. कीचकाचं सरकारला वावडं त्याआधीपासूनचं. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला होता आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली होती.

आता तिसरा विषय. इथे भावना इतक्या लवकर उकळतात की आकडा तपासायचं भान राहत नाही. १८९३ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. गांजाने माणसं वेडी होतात याला पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी दाखवली जात होती. आयोगाने त्या नोंदींच्या मुळाशी जाऊन पाहिलं. रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाला कारणाचा रकाना भरायचा असे आणि बऱ्याचदा तो ‘गांजा’ लिहून मोकळा होई. छाननीनंतर एका वर्षाच्या अशा नोंदींपैकी निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असं सांगून आयोगाने सरसकट बंदीला नकार दिला. त्याचं म्हणणं पटो न पटो, रकाना कुणी भरला हे विचारायची त्याची रीत मुलांना शिकवण्याजोगी आहे.

आजचा अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. त्यांच्यापासून वेगळी पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या कायद्यांकडे राहिला. २००१ पासून शिक्षा वजनावर ठरते. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, आज कमाल एक वर्ष कैद. २५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, किमान दहा वर्षं. आता समजा, ३०० ग्रॅम भुकटी पकडली आणि तिच्यात खरं हेरॉइन ४ ग्रॅमच निघालं, बाकी भेसळ. वजन कशाचं करायचं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्ध अंशाचं. २००९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सगळ्या मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा निकाल चुकीचा ठरवला आणि भेसळीसकट वजन कायम केलं. भुकटी बाजारात मिसळलेलीच विकली जाते, हे त्यामागचं एक कारण. पण मग शुद्ध ४ ग्रॅम बाळगणारा वर्षभरात बाहेर येणार आणि तेवढंच हेरॉइन भेसळीत बाळगणारा किमान दहा वर्षं आत राहणार. दहावीच्या वर्गात फळ्यावर हे दोन आरोपी मांडावेत, मुलांना न्यायाधीश करावं आणि निकालाची कारणं वीस ओळींत लिहायला सांगावीत.