मुंगी घर सोडून पुढे का गेली?

मॅप्स बंद पडलं की आपली काय तारांबळ उडते, ते वेगळं सांगायला नको. तरी आपलं बरंय. टपरीवर विचारा, रिक्षावाल्याला विचारा, कुणीतरी रस्ता सांगतंच. आता समजा, टपरी नाही, रिक्षा नाही, झाड नाही, साधा दगडही नाही. चहूकडे सपाट, पांढरंफेक मिठाचं मैदान. खालची जमीन ६० अंशांपर्यंत तापलेली. आणि तुमची उंची काही मिलिमीटर!

ट्युनिशियातली कॅटाग्लिफिस फोर्टिस नावाची वाळवंटी मुंगी रोज अशाच ठिकाणी कामाला निघते. उन्हाने मेलेले किडे हे तिचं खाणं, त्यामुळे निघायचं तेही भर उन्हात. आपल्या ओट्यावरच्या मुंग्यांसारखी रांग नाही, कारण एवढ्या तापलेल्या जमिनीवर वासाची रेघ टिकतच नाही. एकटीच निघते, वाकडीतिकडी भटकते आणि किडा सापडला की वळून थेट घराकडे सुटते. एका मुंगीचा माग शास्त्रज्ञांनी कागदावर उतरवला होता. जाताना ५९२ मीटर, येताना फक्त १४०! आणि घराचं दार म्हणजे काय, तर जमिनीतलं एक भोक. ते वेळेत सापडलं नाही तर भाजून मरण.

हे तिला जमतं कसं?

दिशेचं कोडं आधी सुटायला लागलं. १९११ मध्ये ट्युनिशियात राहणाऱ्या फेलिक्स सांची या स्विस डॉक्टरने घरी निघालेल्या मुंग्यांवर पडणारं ऊन अडवलं आणि आरशाने सूर्य दुसऱ्या बाजूला दाखवला. मुंग्या वळल्या आणि उलट्या चालू लागल्या. म्हणजे सूर्य हा त्यांचा होकायंत्र. सूर्य झाकलेला असला तरी निळ्या आभाळाचा एक तुकडा त्यांना पुरतो, कारण आकाशातल्या प्रकाशाचं पोलरायझेशन त्यांच्या डोळ्यांना दिसतं. (बारावीला हा टॉपिक ऑप्शनला टाकलेल्यांनी मुंगीपुढे हात जोडावेत.)

पण अंतराचं काय? किती चालायचं, हे कसं कळतं?

२००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ या तिघांनी जे केलं, ते ऐकायला विनोदी वाटेल. वारुळापासून १० मीटरवर खाऊ ठेवला. मुंग्या तिथवर चालत आल्या, तेव्हा त्यांना पकडलं. काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय छाटून आखूड केले (हे मात्र वाचतानाही कसंतरी होतं). मग दिलं घरी सोडून. लांब पायवाल्या घर ओलांडून १५ मीटरच्याही पुढे गेल्या आणि तिथे दार शोधत बसल्या. आखूड पायवाल्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. पावलांचा हिशेब बरोबर होता, पाऊलच बदललं होतं! त्याच मुंग्या नंतर नव्या पायांनी वारुळातून चालत निघाल्या, तेव्हा बरोबर घरी पोचल्या.

किराणावाला कसा तोंडातल्या तोंडात बेरीज करत जातो, तसं हे चालतं. प्रत्येक वळण, प्रत्येक पाऊल आधीच्या बेरजेत जातं आणि डोक्यात कायम एकच उत्तर तयार असतं : घर या दिशेला, इतक्या पावलांवर. म्हणून खाऊ तोंडात धरलेल्या मुंगीला उचलून भलतीकडे ठेवलं, तर ती त्याच दिशेला तेवढंच अंतर चालते आणि जिथे घर नाहीच, तिथे घिरट्या घालत राहते.

या बेरजेत थोडी थोडी चूक साठत जाते. शेवटच्या काही पावलांना खाणाखुणा लागतात, आणि त्या शिकाव्या लागतात. ग्रीसमधली कॅटाग्लिफिस नोडा ही तिची बहीण कामाला लागण्याआधी दोन-तीन दिवस वारुळाभोवती नुसत्या छोट्या फेऱ्या मारते. मध्येच थांबते, गिरकी घेते आणि दाराच्या दिशेने टक लावून बघते. गंमत म्हणजे ते दार तिथून तिला दिसतच नाही! मग नेमकं तिकडे कसं बघते? वुर्झबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र फिरवून पाहिलं, तर तिची नजरही चुकीच्या जागेकडे वळली. शिकाऊ दिवसांत तिचं होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व असतं. वाळवंटी मुंगीचं बाहेरचं आयुष्य तसं जेमतेम आठवड्याचं. तरी ट्रेनिंगला सुट्टी नाही.

आणि जिथे शिकायला खुणाच नाहीत तिथे? ट्युनिशियातल्या त्या मिठाच्या मैदानात मधोमध राहणाऱ्या मुंग्या वारुळाच्या तोंडाशी मातीचा उंच ढीग रचतात. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हे ढीग काढून टाकले. वाट चुकणाऱ्या मुंग्या वाढल्या आणि आतल्यांनी ढीग पुन्हा रचायला घेतला. मग काही वारुळांजवळ संशोधकांनीच काळे उभे खांब रोवून दिले. तिथल्या मुंग्यांनी ढिगाचं नावही काढलं नाही. आयती खूण मिळालीय, तर कशाला राबा!