मानवी मानेची रचना आणि स्वरयंत्राच्या तंत्रिकेचा वळसा

प्रस्तावना

मान हा मानवी शरीराचा आकाराने लहान, परंतु रचनेच्या दृष्टीने अत्यंत दाटीचा भाग आहे. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या, ते परत आणणाऱ्या नीला, मेरुरज्जू, श्वासनलिका, अन्ननलिका, स्वरयंत्र आणि थायरॉइड ग्रंथी हे सर्व मस्तक व धड यांच्यामधील या अरुंद मार्गात एकत्र आलेले असतात. त्यामुळे मानेतील एखाद्या अवयवाचा विकार त्या अवयवापुरता मर्यादित राहत नाही. शेजारच्या अवयवांवरही त्याचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात मानेच्या रचनेचा संक्षिप्त परिचय करून देऊन, आवाजाची सूत्रे जिच्या हाती आहेत त्या प्रत्यावर्ती स्वरयंत्र तंत्रिकेचा मार्ग, त्याची कारणमीमांसा व त्याचे वैद्यकीय महत्त्व यांचा विचार केला आहे. व्याख्यान हेच ज्यांचे प्रमुख साधन आहे, अशा अध्यापकवर्गाशी या विषयाचा निकटचा संबंध आहे.

मानेची सर्वसाधारण रचना

मानेचा आधार म्हणजे पाठीच्या कण्याचे वरचे सात मणके. उंदीर असो वा जिराफ, जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांत ही संख्या सातच असते; स्लॉथ व मॅनेटी हे प्राणी त्यास अपवाद आहेत. पहिल्या मणक्यावर कवटी टेकलेली असते. होकारार्थी मान हलविताना मुख्यतः कवटी व पहिला मणका यांमधील सांधा कार्य करतो, तर नकारार्थी मान हलविताना पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीसारख्या उंचवट्याभोवती फिरतो. मान पुढे झुकविली असता मानेच्या मुळाशी हाताला लागणारा उंचवटा सर्वसाधारणपणे सातव्या मणक्याचा असतो.

कानामागील अस्थीपासून उरोस्थी व गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा जाड स्नायू मानेच्या प्रत्येक बाजूचे पुढील व मागील असे दोन त्रिकोण पाडतो. शल्यविशारदांच्या दृष्टीने हे त्रिकोण म्हणजे मानेचा नकाशाच होय. या स्नायूच्या आड एका सामाईक आवरणात ग्रीवा रोहिणी, ग्रीवा नीला आणि मेंदूपासून निघणारी दहावी तंत्रिका, म्हणजेच व्हेगस, या एकत्र असतात.

मानेच्या पुढील भागात मध्यरेषेवर वरून खाली क्रमाने कंठिका अस्थी, स्वरयंत्र व श्वासनलिका येतात. कंठिका अस्थी इतर कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेली नसते. ती स्नायू व बंध यांच्या आधारे तोललेली असते. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या मागील बाजूस बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात व त्या रक्तातील कॅल्शियमचे नियमन करतात.

प्रत्यावर्ती तंत्रिकेचा मार्ग

स्वरयंत्रातील एक स्नायू वगळता अन्य सर्व अंतःस्थ स्नायूंना चालना देण्याचे कार्य प्रत्यावर्ती स्वरयंत्र तंत्रिका करते. ती व्हेगस तंत्रिकेची शाखा असून तिचा मार्ग चमत्कारिक आहे. व्हेगस मेंदूपासून निघून स्वरयंत्राच्या शेजारून खाली जाते. परंतु ही शाखा तेथे फुटत नाही. डाव्या बाजूस ती छातीत उतरल्यावर फुटते, महारोहिणीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील खाचेतून पुन्हा वर येऊन स्वरयंत्रात शिरते. उजव्या बाजूस हाच वळसा मानेच्या तळाशी, हाताकडे जाणाऱ्या अधोजत्रु रोहिणीभोवती पडतो. साहजिकच डावी तंत्रिका उजवीपेक्षा लांब असते. जिराफामध्ये तर हा मार्ग काही मीटर लांबीचा होतो.

या वळशाचे स्पष्टीकरण गर्भविकासात मिळते. गर्भावस्थेच्या प्रारंभी हृदय मानेच्या प्रदेशाजवळ असते आणि गळ्याच्या भागात कमानींच्या जोड्या असतात. प्रत्येक कमानीची स्वतंत्र रोहिणी व तंत्रिका असते. सहाव्या कमानीची तंत्रिका त्या कमानीच्या रोहिणीखालून सरळ स्वरयंत्राकडे जाते. पुढे हृदय छातीत उतरते, रोहिण्या त्याबरोबर खाली ओढल्या जातात आणि त्यांच्याखाली अडकलेली तंत्रिकाही ताणली जाते. उजव्या बाजूस सहाव्या कमानीच्या रोहिणीचा संबंधित भाग नाहीसा होतो. म्हणून तंत्रिका वर सरकून चौथ्या कमानीपासून बनलेल्या अधोजत्रु रोहिणीला अडते. काही थोड्या व्यक्तींत, सुमारे शंभरात एक वा त्याहूनही कमी, उजवी अधोजत्रु रोहिणी वेगळ्या ठिकाणाहून उगम पावते. अशा वेळी अडविणारे काही नसल्याने उजवी तंत्रिका वळसा न घेता थेट स्वरयंत्रात जाते. हा अपवाद वरील स्पष्टीकरणाची पुष्टी करतो.

ऐतिहासिक आढावा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलेन याने जिवंत डुकरावर प्रयोग करून, या तंत्रिका छेदल्या असता प्राण्याचा आवाज बंद होतो हे दाखवून दिले. आवाजाचे नियंत्रण हृदय नव्हे, तर मेंदू करतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया वाढल्या, तेव्हा या तंत्रिकेस होणाऱ्या इजेचा प्रश्न पुढे आला. बर्न येथील थिओडोर कोखर यांनी काटेकोर पद्धतीने गलगंडाच्या शस्त्रक्रियेतील मृत्युप्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. त्यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तंत्रिकेला शोधू नये, शोधल्यास तिला इजा होते, असे मत तरीही अनेक शल्यविशारदांत दीर्घकाळ प्रचलित होते. बोस्टन येथील फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये याच्या उलट, ती प्रत्येक शस्त्रक्रियेत शोधून डोळ्यांसमोर ठेवावी, असा आग्रह धरला. आज हीच पद्धत सर्वमान्य आहे. जी दिसते तिचे रक्षण करता येते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

वैद्यकीय महत्त्व

एका बाजूची तंत्रिका निकामी झाल्यास त्या बाजूचा स्वरतंतू स्थिर राहतो, दोन्ही स्वरतंतू नीट मिळत नाहीत आणि आवाज घोगरा व हवा निसटल्यासारखा होतो. पाणी पिताना ठसकाही लागतो. दोन्ही बाजूंच्या तंत्रिका निकामी झाल्यास स्थिती अधिक गंभीर होते. स्वरतंतूंना दूर सारणारा स्नायूदेखील याच तंत्रिकेवर अवलंबून असल्याने श्वासमार्ग अरुंद होतो व प्रसंगी श्वासनलिकेला छिद्र पाडून श्वास चालू ठेवावा लागतो.

तथापि, दोष नेहमी मानेतच असतो असे नाही. डाव्या तंत्रिकेचा वळसा छातीत असल्याने फुप्फुसाच्या वरच्या भागातील कर्करोग, छातीतील वाढलेल्या लसग्रंथी किंवा महारोहिणीचा फुगवटा यांचे पहिले लक्षण आवाजातील बदल हे असू शकते. संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप अरुंद होऊन डावा कर्णिका-कप्पा मोठा झाल्यानेही आवाज बसू शकतो, हे ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये नोंदविले.

अध्यापकाचा आवाज बसला की त्याचा दोष व्याख्यानांना व खडूच्या भुकटीला देण्याची प्रथा आहे. अनेकदा ते खरेही असते. आवाजाच्या अतिवापराने स्वरतंतूंवर सूज वा गाठी येतात आणि विश्रांती व स्वरोपचाराने त्या बऱ्याच अंशी ओसरतात. परंतु कानाने ऐकून या दोन प्रकारांतील भेद निश्चित करता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीतून स्वरतंतूंची हालचाल प्रत्यक्ष पाहावी लागते. म्हणून सर्दीखोकल्याच्या निमित्ताशिवाय उद्भवलेला किंवा तीन ते चार आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा, विशेषतः तंबाखू वा धूम्रपानाची सवय असणाऱ्यांनी, कान-नाक-घसा तज्ज्ञांस दाखविणे आवश्यक ठरते. मानेत गाठ, गिळताना त्रास किंवा खोकल्यातून रक्त अशी लक्षणे जोडीला असल्यास तेवढे दिवसही थांबू नये.

समारोप

मानेतील अवयवांची मांडणी पूर्वनियोजित आराखड्यानुसार नव्हे, तर विकासाच्या टप्प्यांतून घडत गेलेली आहे, हे प्रत्यावर्ती तंत्रिकेच्या वळशावरून स्पष्ट होते. गर्भविज्ञान, तुलनात्मक शरीररचना, वैद्यकाचा इतिहास आणि शल्यशास्त्र या चार शाखा येथे एका तंत्रिकेपाशी एकत्र येतात. आवाजाचा उगम कंठात असला, तरी त्याची सूत्रे मेंदूपासून छातीपर्यंत पसरलेली आहेत. ही जाणीव असल्यास घशाचा साधा वाटणारा विकार वेळीच तपासला जाईल आणि प्रसंगी त्यामुळे आवाजच नव्हे, तर जीवही वाचू शकेल.