विजेलाही हक्काचा घेणारा

पीक कितीही जोमदार आले, तरी घेणारा नसला की माल मातीमोल होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दुधाचे तर आणखी अवघड. आणि वीज दुधाहूनही नाशवंत! उन्हावर तयार झालेली वीज त्याच घटकेला वापरली पाहिजे. नाही तर ती साठवायला मोठा खर्च येतो. म्हणून ऊन, वारा किंवा उसाचा बगॅस यांपासून वीज करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो हाच, की ही घेणार कोण?

आपल्या देशात याचे उत्तर २००३ च्या वीज कायद्याने दिले. त्याच्या ८६ व्या कलमाप्रमाणे राज्याचा वीज नियामक आयोग पुरवठादार कंपनीला बंधन घालतो, की एकूण विजेतला ठरावीक हिस्सा अशा अपारंपरिक साधनांचाच घेतला पाहिजे. महाराष्ट्रात २०१०-११ साली हे प्रमाण शंभर युनिटांमागे ६ होते. २०२४-२५ साठी ते २५ ठरले. केंद्र सरकारने २०२९-३० साठी ४३.३३ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे. हिस्सा कमी पडला, तर कंपनीला प्रमाणपत्रे विकत घेऊन तूट भरता येते. एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिटे.

याचा पहिला लाभ आपल्या ओळखीचाच आहे. साखर कारखाना बगॅस जाळून वाफ करतो, वाफेवर वीज करतो आणि गरजेपुरती ठेवून उरलेली विकतो. घेणारा कायद्याने बांधलेला असल्याने बगॅसलाही मोल आले.

सौर विजेचेही तसेच. २०१०-११ साली केंद्रीय आयोगाने तिचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे धरला होता. मागणी वाढली, पत्रे स्वस्त झाले आणि २०२४ पर्यंत महाराष्ट्रातल्या शेतीच्या सौर प्रकल्पांचे दर सुमारे ३ रुपयांवर आले. खरेदीचा खर्च शेवटी ग्राहकांच्या बिलातच येतो, म्हणून हा फरक आपल्या घरचाच समजा.

आता शेताकडे वळू. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जायचे म्हणजे साप-विंचवाची, काही भागांत बिबट्याची भीती. आणि घरात बायका-मुले जागी. गावाजवळच्या उपकेंद्राशी सौर प्रकल्प जोडला, तर पंपाला दिवसा वीज देता येते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हाच हेतू. २०२३ साली तिच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली.

रक्कम ऐकून घाई मात्र करू नका. साधारण एका मेगावॅटला ४ ते ५ एकर जागा लागते आणि करार सुमारे २५ वर्षांचा असतो. आज शाळेत असलेली पोरे तेव्हा संसाराला लागलेली असतील. म्हणून पडीक, मुरमाड रानाचाच विचार करा. बारमाही पाण्याची जमीन अडकवू नका. सातबाऱ्यावर बहिणींसह जितकी नावे असतील, त्या सर्वांची संमती घ्या. भाडे कोणत्या तारखेला मिळणार, चुकले तर काय, मुदतीनंतर लोखंड-काँक्रीट कोण काढणार, हे कागदावर असलेच पाहिजे.

आणखी एक लक्षात ठेवा. कायद्याचे बंधन असूनही देशातल्या अनेक पुरवठादार कंपन्या ठरलेला हिस्सा घेण्यात कमी पडल्या आहेत. आयोगाने जाब विचारला, तरच बंधनाला अर्थ राहतो. दर आणि खरेदी ठरवताना आयोग लोकांच्या सूचना-हरकती मागवतो. ती जाहिरात दिसली, की ग्रामसभेत वाचा आणि गावाच्या सहीने आपले म्हणणे लेखी पाठवा.