घरीं बांधलेली मोटार व संगणकाधीन अल्टर्नेटर

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं ट्रॅक्टर वा मोटार आहे. तेव्हां बॅटरी भरणाऱ्या अल्टर्नेटरचा परिचय करून देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु अलीकडील बऱ्याच मोटारींत हें यंत्र एंजिनच्या संगणकाच्या ताब्यांत असतें, हें ध्यानीं न घेतां तें दुसऱ्या गाडीवर चढविल्यास फसगत होते.

इंग्लंडांत सुटे भाग घेऊन घरीं मोटार बांधण्याचा छंद जुना आहे. लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी १९५७ सालीं निघाली. तयार मोटारीवर खरेदी-कर पडे, सुट्या भागांच्या संचास तो चुकवितां येई. म्हणून गिऱ्हाइकें गाडी घरीं जोडीत. १९७३ सालीं मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली, छंद मात्र टिकला. अशा गाडींत आज फोर्डसारख्या कंपनीचें अर्वाचीन एंजिन बसवितात. मूळचा संगणक कित्येकदां मागेंच राहतो, अल्टर्नेटर तेवढा सोबत येतो, आणि अडचण उत्पन्न होते.

जुन्या अल्टर्नेटरची रीत सोपी. किल्ली फिरवितांच तांबड्या दिव्यांतून थोडा प्रवाह फिरत्या वेटोळ्यांत जातो व चुंबकत्व येतें; पुढें आंतला रेग्युलेटर दाब सुमारें १४ व्होल्टांवर राखतो. नव्या पद्धतींत हा दाब संगणक ठरवितो. थंडींत बॅटरीस अधिक दाब लागतो, उन्हाळ्यांत कमी. वेग घेतांना दाब उतरवून एंजिनचा भार हलका करावयाचा व वेग कमी होतांना तो चढवून वाया जाणारी शक्ति बॅटरींत सांठवावयाची, असा हा इंधन वांचविण्याचा हिशेब आहे.

हुकूम देणारा संगणकच नसेल तर काय होतें? फोर्डचा तीन बारीक तारांचा अल्टर्नेटर स्वतःच सुमारें १३.५ व्होल्टांवर चालतो. मात्र एंजिन सुरू केल्यावर कधीं कधीं तें एकदां जोरानें फिरवावें लागतें. दुसरे कांहीं प्रकार मुळींच जागे होत नाहींत. शिवाय धोक्याचा दिवाही संगणकामार्फतच लागत असल्यानें बॅटरी उतरत आहे हें चालकास कळत नाहीं, व गाडी भर रस्त्यांत बंद पडते.

उपाय तीन आहेत. पहिला व स्वस्त उपाय, त्याच जागीं बसणारा जुन्या पद्धतीचा अल्टर्नेटर घालणें. दुसरा, संगणकाऐवजीं हुकूम देणारी लहान पेटी जोडणें. तिसरा, आंतला रेग्युलेटर काढून बाहेरचा बसविणें. हें काम जाणत्या कारागिराचेंच.

कोणताही उपाय केला तरी व्होल्टमापक अवश्य लावावा. भरलेली बॅटरी एंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असतां १३.५ ते १४.५ दिसावे. बारीक तारांवर अंदाजानें बारा व्होल्ट देऊं नयेत, रेग्युलेटर जळण्याचा संभव असतो. तसेंच एंजिन चालू असतां बॅटरीची तार कदापि काढूं नये. दाब एकाएकीं उसळून आंतील नाजूक भाग निकामी होतात. ट्रॅक्टरचा अल्टर्नेटर बदलतांनाही हा नियम पाळावा, व दुकानांतून घेतांना तो स्वतंत्र चालणारा कीं संगणकाधीन, हें आधीं विचारून मगच पैसे मोजावे.