डबल मार्करचा रिपोर्ट वाचताना

गरोदरपणाच्या ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची द्रवाची पातळ पट्टी मिलिमीटरमध्ये मोजतात. आईचं वय आणि तिच्या रक्तातली दोन द्रव्यं त्यात धरून डाऊन सिंड्रोमची शक्यता काढतात. रिपोर्टवर '१:२००, हाय रिस्क' दिसलं की घरात रडारड सुरू होते. अहो, असा आकडा आलेल्या २०० जणींपैकी साधारण १९९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो! ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासतात, आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. म्हणून नवरा-बायकोनं रक्त देण्याआधीच बोलावं: आकडा वाईट आला, तर पुढची तपासणी करायची का? चाचणीच नको, असंही ती म्हणू शकते. सासरच्यांनी त्यावर तिला टोचून बोलू नये.