असं का होतं? : जुन्या स्कूटरची पेट्रोल नळी तोंडाशीच का गळते?

सकाळी जुन्या स्कूटरजवळ पेट्रोलचा वास येतो, पण फरशी कोरडी! पेट्रोल उडून जातं. पेट्रोलच्या कॉकपाशी नळीच्या टोकाला पिवळसर चिकट डाग तेवढा उरतो.

नळीचं रबर मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं पेट्रोल हळूहळू धुऊन नेतं. इंजिनची धग उरलेलं काम करते आणि रबर कडक होतं. नवी नळी कॉकच्या धातूच्या तोटीवर ताणून घट्ट बसते; जुनी मात्र सैल इलॅस्टिकच्या मोज्यासारखी पकड सोडते. त्यात 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आणि जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं.

नळीवरची क्लिप आणखी आवळणं हा जुगाडच. कडक रबर त्याने चिरतं. नळीच बदलावी, तीही पेट्रोलसाठीचीच. पाण्याची स्वस्त प्लास्टिक नळी नको. तोटीवर एक बारीक उंचवटा असतो. नळी त्याच्या पलीकडे सरकवून क्लिप त्यामागे बसवली की ती निसटत नाही.

पण आधी इंजिन गार होऊ द्या, कॉक बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. देवघरातल्या निरांजनापर्यंतही पोचू शकते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब असतो, तिथे मेकॅनिकच गाठा.